सातव्या रकान्यातलं ‘नाही’

अर्ज एका पानाचा होता. टूरवाल्यांचं ऑफिस म्हणजे रस्त्याकडेला उभा केलेला ट्रेलर आणि त्याच्याबाहेर एक लाकडी बाक. त्या बाकावर बसून मी सासऱ्यांचा अर्ज भरत होते. नाव, वय, पत्ता, वजन, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं. सातव्या रकान्यात विचारलं होतं, मधुमेह, हृदयविकार, दमा यांपैकी काही आहे का? असल्यास औषधाचं नाव लिहा.

“नाही लिही,” सासरे म्हणाले.

“बाबा, गोळी चालू आहे तुमची.”

“गोळी चालू आहे म्हणजे आजार ताब्यात आहे. आणि नसला तरी या ट्रेलरवाल्यांना कशाला सांगायचं?”

खाली बारीक अक्षरांत एक अट होती. असा आजार असलेल्या साठीवरच्या माणसाला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गुहेत नेलं जाणार नव्हतं. चिठ्ठी नव्हती. डॉक्टर पुण्यात होते. मी ‘नाही’ लिहिलं आणि अर्ज खिडकीतून आत दिला.

ऐंशीच्या दशकातला तो जुलै महिना. आम्ही तेव्हा शिकागोजवळ शॉमबर्गला राहत होतो. नवऱ्याचं आठवडाभर अँकरेजला काम निघालं, म्हणून मी आणि चार महिन्यांसाठी आलेले सासरे त्याच्याबरोबर अलास्काला गेलो होतो. नवरा दिवसभर ऑफिसात असे. सासऱ्यांनी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली होती. अमेरिकेत त्यांनी स्वतःहून काही पाहायला मागितलं नव्हतं. नायगाराला नेतो म्हटल्यावर म्हणाले होते, “पडणारं पाणी काय बघायचं? ते अडवण्यात जन्म गेला माझा.” पण अँकरेजच्या मोटेलात त्यांना एक पत्रक सापडलं. त्यात हिमनदीच्या पोटातल्या गुहेचं चित्र होतं आणि गुहेतून ओढा बाहेर पडत होता. हे मात्र बघायचं, असं ते दोन दिवस म्हणत राहिले.

मधुमेह निघून तेव्हा दोन वर्षं झाली होती. ही गोष्ट त्यांचा मुलगा, मी आणि डॉक्टर एवढ्यांनाच माहीत होती. त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत ते श्रीखंड वाढून घेत आणि पुरीखाली झाकून ठेवत. घरातला आजार चारचौघांत सांगायचा नाही, हा त्या घराचा नियम होता आणि लग्न झाल्यापासून तो माझाही होता.

त्या दिवशी संकष्टी होती. घरी ते संकष्टीला साबुदाणा, फळं, दूध असं घेत. सकाळी मी सामान बांधत असताना ते एकटेच मोटेलच्या खालच्या खोलीत नाश्त्याला गेले. वर आल्यावर विचारलं, तर म्हणाले, केळं खाल्लं. गोळी त्यांनी आठ वाजता घेतली होती. मुलगा ऑफिसला जाताना बजावून गेला होता आणि घड्याळाच्या बाबतीत ते कधी चुकत नसत.

आमच्याबरोबर टेक्सासमधल्या प्लेनोहून आलेलं एक जोडपं होतं, दोघंही पन्नाशीचे. गाइड तिशीची बाई होती. जाड वेणी, उन्हाने रापलेला चेहरा, घड्याळ मनगटाऐवजी जाकिटाच्या पट्ट्याला अडकवलेलं. तिने हेल्मेट दिली, बुटांना बांधायचे लोखंडी काटे दिले आणि नियम सांगितले. छताला हात लावायचा नाही. ओरडायचं नाही. ती थांब म्हणाली की थांबायचं. आणि एक वाजता बाहेर. दुपारी ऊन तापलं की बर्फ जोरात वितळतो, गुहेतल्या ओढ्याचं पाणी चढतं आणि तोंडाजवळ ओढा ओलांडायचे तीन दगड बुडतात.

“बाईला पाणी कळतं,” सासरे मला मराठीत म्हणाले.

मग तिने विचारलं, सगळ्यांनी ब्रेकफास्ट केलाय ना? चौघांनीही होकारार्थी माना हलवल्या.

गुहेपर्यंत खडी आणि राखाडी चिखलातून पाऊण तास चालावं लागलं. सासरे पुढे होते, गाइडच्या मागोमाग. ते तिला त्यांच्या सावकाश, कचेरीतल्या इंग्रजीत प्रश्न विचारत होते. ओढ्याचा प्रवाह कोणी मोजतं का? गाळ किती येतो? ती हसून उत्तरं देत होती. तिने प्लेनोच्या गृहस्थांना सांगितलं, असे प्रश्न मला कोणी विचारत नाही, सगळे अस्वलांचं विचारतात.

बारा वाजून पाच मिनिटांनी आम्ही आत शिरलो. तीन दगडांवरून ओढा ओलांडला. पाणी दगडांच्या माथ्याखाली वीतभर होतं. आत गेल्यावर आधी उजेड बदलला. निळा उजेड भिंतींतून येत होता, त्यामुळे कोणाचीच सावली पडत नव्हती. छताला वाट्यांसारखे खळगे होते आणि प्रत्येक खळग्याच्या कडेवरून थेंब गळत होता. बर्फात खडे अडकलेले दिसत होते, काही मुठीएवढे, एक तर पेटीएवढा. सासरे त्या मोठ्या दगडाखाली उभे राहिले.

“हा किती दिवसांनी पडेल?” त्यांनी गाइडला विचारलं.

“तुम्ही बाजूला झालात की,” ती म्हणाली.

ते हसले. त्यानंतर त्यांनी प्रश्न विचारलेला मला आठवत नाही.

पंधरा मिनिटांनी ते मागे पडू लागले. मी हाक मारली तर ओ दिली नाही. एकदा भिंतीकडे वळून तसेच उभे राहिले. गाइडने चला म्हटलं, तेव्हा त्यांनी पाऊल चुकीच्या बाजूला टाकलं. बारा अठ्ठावीसला ते एका खडकावर बसले. वेळ मला नेमकी आठवते. लग्नाआधी नऊ वर्षं मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होते आणि काही घडलं की आधी घड्याळ पाहण्याची सवय गेली नव्हती.

गाइडने त्यांच्यावर लोकरी ब्लँकेट टाकलं. थंडीने होतं असं, ती म्हणाली, किंवा भीतीने. मग पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेले अर्ज काढून तिने त्यांचा अर्ज पाहिला.

“इथे तर ‘नाही’ लिहिलंय,” ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. “मला माहीत असायला हवं असं काही आहे?”

“नाही,” मी म्हणाले. “दमलेत.”

सासरे माझ्याकडेच पाहत होते. नजर ओळखीची होती. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड झाकताना ते असेच पाहत.

प्लेनोचे गृहस्थ म्हणाले, उचलून नेऊ या. गाइड म्हणाली, काटे बांधलेल्या बुटांनी, त्या तीन दगडांवरून, नाही. पाच मिनिटं ऊब देऊ आणि चालवत नेऊ. त्या गृहस्थांची बायको खाली वाकून ओढ्याकडे पाहत होती. “मघाशी हा खडक कोरडा होता,” ती म्हणाली. खडकाच्या पायथ्याशी पाणी आलं होतं. आतल्या बाजूला कुठेतरी काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. गाइडने जाकिटावरचं घड्याळ उलटून पाहिलं.

मी त्यांच्या शेजारी बसले होते. माझा हात त्यांच्या हातावर होता. त्यांचा हात ओला होता. आधी वाटलं, वरून थेंब पडले असतील. मग कपाळ पाहिलं. हेल्मेटच्या पट्टीखालून घाम निथळत होता. आमच्या तोंडातून वाफ निघत होती आणि त्यांना घाम आला होता. तेव्हाही मी बोलले नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी साखर एकदम उतरल्याची हीच लक्षणं मला सांगितली होती. मला ती पाठ होती. तरी मी विचार करत होते की भानावर आल्यावर हे काय म्हणतील.

“गेट नंबर तीन खाली घ्या,” सासरे म्हणाले.

“बाबा?”

“सावकाश. खालच्या गावाला कळवलंत का?”

बारा बत्तीस झाले होते.

“यांना डायबिटीस आहे,” मी गाइडला म्हणाले. “सकाळी गोळी घेतलीय. आज उपास आहे. काही खाल्लंय की नाही, मला खात्री नाही.”

तिने पाकीट पिशवीत टाकलं आणि त्याच हाताने थर्मास बाहेर काढला. थर्मासच्या झाकणात गरम कोको ओतला आणि प्लेनोच्या बाईंनी खिशातून साखरेच्या पुड्या काढल्या, कुठल्यातरी रेस्टॉरंटमधून उचललेल्या. तीन पुड्या त्यात रिकाम्या केल्या. गाइडने झाकण त्यांच्या तोंडाजवळ नेलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून मान फिरवली.

“गिळता येतंय ना त्यांना?” गाइडने विचारलं.

“येतंय. नको म्हणतायत.” मी झाकण हातात घेतलं. “बाबा, घ्या.”

“संकष्टी आहे.”

“दूध आहे. साखर आहे. उपासाला चालतं.”

ते झाकणाकडे पाहत राहिले. “काळं काय आहे?”

“कोको.”

“तो चालतो?”

“फळाचं बी असतं ते. फळ चालतं.”

त्यांनी यावर विचार केला. गेट कुठलं आणि गाव कुठलं याचा पत्ता नव्हता, पण हा विचार त्यांनी पूर्ण केला. मग तोंड उघडलं. पहिला घोट अर्धा हनुवटीवर सांडला. दुसरा गेला. तिसऱ्यानंतर त्यांनी झाकण स्वतः धरलं.

“काय म्हणतायत?” गाइडने विचारलं.

“कोको फळ आहे का, विचारत होते.”

“आहे का?”

“आता आहे,” मी म्हणाले.

दहा मिनिटं आम्ही तिथेच थांबलो. गाइड दोनदा गुहेच्या तोंडापर्यंत जाऊन पाणी पाहून आली. ब्लँकेट सारखं करताना माझा हात त्यांच्या कोटाच्या खिशाला लागला. आत केळं होतं, न सोललेलं, एका बाजूने काळं पडलेलं. मी ते बाहेर काढलं.

“नंतर खाणार होतो,” ते म्हणाले. आवाज पुन्हा त्यांचा होता. “खाली सगळे अंडी खात होते. त्या वासात कसं खाणार?”

त्यांनी केळं खाल्लं आणि साल परत खिशात ठेवली. मग खाली पाहिलं. पाणी खडकाला वेढून पुढे चाललं होतं.

“किती वाजले?”

“बारा अठ्ठेचाळीस.”

“मग बसलात काय?” ते म्हणाले आणि उठले.

गाइड पुढे, सासऱ्यांच्या कमरेला बांधलेला दोर तिच्या हातात. मागे प्लेनोचे गृहस्थ, त्यांच्या मागे त्यांची बायको, शेवटी मी. तोंडाजवळ आलो तेव्हा पहिला दगड दिसत होता, दुसऱ्यावरून पाणी वाहत होतं आणि तिसरा दिसत नव्हता. गाइड ओढ्यात उतरली. पाणी तिच्या गुडघ्याच्या वर आलं. ती तिसऱ्या दगडाच्या जागी उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. सासऱ्यांनी पहिला दगड ओलांडला. दुसऱ्यावर थांबले. पाण्याकडे पाहिलं आणि मराठीत, कोणालाच उद्देशून नाही, म्हणाले, “अजून चढणार.” मग तिचा हात धरला. एकापाठोपाठ आम्ही सगळे तिच्या हाताला धरून पलीकडे गेलो. बाहेर उन्हात ती खडीवर बसली आणि बूट काढून तिने त्यांतलं पाणी ओतलं. तिची पावलं लाल झाली होती.

ट्रेलरपाशी परत आल्यावर तिने तो अर्ज काढला, त्यावर पेन ठेवलं आणि तो बाकावर माझ्यासमोर सरकवला. रागावली नाही. “बरोबर करा,” एवढंच म्हणाली.

मी ‘नाही’वर रेघ मारली. पेन पुढे चालेना. सासरे शेजारी बसले होते.

“गोळीचं नाव येतं का तुला?” त्यांनी विचारलं.

“येतं.”

“मग लिही.”

मी लिहिलं. ते वाकून पाहत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिने विचारलं तेव्हा मला ऐकू येत होतं. तू दमलेत म्हणालीस.”

“तुमच्याकडे पाहून म्हणाले.”

“माहीत आहे.” त्यांनी खिशातून केळ्याची साल काढली आणि कुठे टाकावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं. “त्या वेळी माझ्याकडे बघायचं नव्हतं.”

गाइडने अर्ज घेतला, सातवा रकाना वाचला आणि तो परत पाकिटात घातला. सासरे उठले. साल कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग ट्रेलरच्या खिडकीपाशी गेले. आत बसलेल्या माणसाला त्यांनी त्यांच्या सावकाश इंग्रजीत सांगितलं, मला मधुमेह आहे, इथे जवळपास दूध आणि फळं कुठे मिळतील? शेजारी प्लेनोचं जोडपं हेल्मेट परत करत होतं. त्यांनाही ऐकू गेलं असणार. सासऱ्यांनी आवाज खाली केला नव्हता.