मडके उतरवण्याची वेळ

पोपटीचे मडके एकदा जाळात गेले की आत डोकावता येत नाही. इतर स्वयंपाकात झाकण उचलता येते, डाव फिरवता येतो, शीत दाबून पाहता येते. पोपटीला ती सोय नाही. तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, खडेमीठ, ओवा; मधे बटाटे, रताळी, अंडी आणि पानांत बांधलेली मसाल्याची कोंबडी; पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी ठासून पाला. पाण्याचा थेंबही नाही. मडके जमिनीवर उपडे ठेवायचे, भोवती काटक्या, गोवऱ्या आणि पेंढा रचायचा व पेटवायचे. तोंडाचा पाला मोकळा झाला की वाफ जाते, आणि वाफ गेलेले मडके कोणी पुन्हा जाळावर चढवत नाही. निर्णय एकदाच करायचा असतो.

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षे. मी तळोज्याच्या एका कारखान्यात भट्टी विभागाचा पर्यवेक्षक होतो आणि नवीन पनवेलला राहत होतो. पोलादाचे भाग तापवून कठीण करणे हे आमचे काम. भट्टीवर तापमानाचा काटा होता. पण वीसेक वर्षे त्या दारासमोर काढल्यावर लोखंडाच्या रंगावरूनच आकडा सांगता येऊ लागला होता. मी मूळचा साताऱ्याकडचा. पोपटी हा शब्दच मी लग्नानंतर ऐकला. पत्नीचे माहेर चिरनेरच्या वाटेवरच्या एका गावात. तिचे थोरले बंधू दर माघात घरामागच्या शेतात पोपटी लावीत, आणि आम्ही दोघे न चुकता जात असू.

पहिल्या वर्षी मी नुसता पाहत उभा राहिलो. पेंढा धडाडून पेटला आणि मडके ज्वाळेत दिसेनासे झाले. त्या ज्वाळेचे तापमान सहाशे अंशांच्या खाली नसावे. पाल्यात आणि शेंगांत ओल आहे तोवर आतला भाग शंभराच्या फारसा वर जात नाही, हे मला ठाऊक होते. तरीही मडके काळेठिक्कर होऊन बाहेर आले आणि त्यातून हिरव्या रंगाच्या शेंगा केळीच्या पानावर ओतल्या गेल्या, तेव्हा मी एक शेंग सोलून दाणा बोटांत दाबून पाहिला. ठाऊक असणे आणि समोर घडताना पाहणे यांत पुष्कळ अंतर आहे. बोटभर जाडीच्या मातीच्या एका बाजूला तो वणवा आणि दुसऱ्या बाजूला दाणे मऊ करण्यापुरती ऊब.

एके वर्षी मी कारखान्यातला जुना काटा आणि तार सोबत नेली. मडक्याच्या आत खरोखर किती तापते, ते मोजावे असा विचार होता. मेहुण्यांनी ते यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

"भावोजी, ही तार आत घालाची कुटून?"

"तोंडातून. पाल्यातून."

"म्हंजी भोक पाडाचा. वाफ गेली त खाल काय, तार?" त्यांनी काटा माझ्या हातात परत ठेवला. "आनि त्याला इचारा, मीठ बराबर पडलंय का. ते सांगत असल त घालू."

सगळे हसले. मीही हसलो. काटा पिशवीत गेला.

मेहुणे बोलके होते. जाळाभोवती फेऱ्या मारताना त्यांचे तोंड थांबत नसे. कोणाची म्हैस कोठे शिरली, बंदराकडे जाणाऱ्या ट्रकने कोणाचा बांध खचवला, सारे काही. मधेच मडक्यावर पाण्याचा हबका मारीत. थेंब आळसावून घरंगळले की "नाय" म्हणत. चर्र वाजून जागीच नाहीसे झाले, आणि हिरव्या पाल्याचा वास जाऊन ओव्यामिठाचा खरपूस वास सुटला, की हात वर करून "उचला" म्हणत. त्यांची पोपटी कधी कच्ची निघाली नव्हती, कधी करपलीही नव्हती.

पुढे एका वर्षी गणपतीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पनवेलच्या इस्पितळातून घरी आणले तेव्हा ते धरून चार पावले टाकू शकत होते. शब्द मात्र एकही नव्हता. घशातून एक आवाज निघे, तोही दिवाळीनंतर बंद झाला. डॉक्टर म्हणाले, बोलणे परत येऊ शकते, पण माणसाने प्रयत्न सोडता कामा नये. मेहुण्यांनी तो सोडला होता. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहत. माणूस भेटायला आला की डोळे मिटून घेत. वहिनी भरवतील तेवढा मऊ भात दोन घास खात आणि तोंड फिरवीत. पौष संपेपर्यंत त्यांचे हात वाळक्या काटक्यांसारखे झाले होते. वहिनी माझ्या पत्नीला म्हणाल्या, "मानूस घरात हाय, पन घरात नाय." अजून काही महिने असेच गेले तर ते हातचे जातील, हे आम्हा सर्वांना दिसत होते.

पोपटी लावायची, हे पत्नीने ठरवले. "दादा जाळ बघायला तरी बाहेर येईल," ती म्हणाली. त्यांना थंडी सोसणार नाही म्हणून रात्री न लावता दुपार कलल्यावर लावायची, असे ठरले. जाळ सांभाळायचे काम माझ्याकडे आले. दुसरा कोणी ते घ्यायला तयार नव्हता.

मेहुण्यांना दोघांनी धरून बाहेर आणले आणि खुर्चीत बसवले. त्यांचा बालमित्र, खाडीवर मासेमारी करणारा, मुद्दाम आला होता. खुर्चीसमोर उकिडवा बसून तो म्हणाला, "काय रं, नवऱ्यासारका खुर्चीत बसलायस! बायको तीच हाय ना?"

मेहुण्यांनी डोळे मिटले.

"बग, लाजतंय," मित्र वहिनींना म्हणाला. वहिनी हसल्या नाहीत.

मडके पत्नीने आणि वहिनींनी भरले. मी उपडे ठेवले, रचले, पेटवले. पेंढा उडाला, काटक्या धरल्या, मग गोवऱ्यांनी जाळ आपल्याकडे घेतला. वारा खाडीकडून येत होता, म्हणून त्या बाजूला मी गोवऱ्यांचा थर वाढवला. मधेच मागे वळून पाहिले. मेहुण्यांचे डोळे उघडे होते. ते जाळाकडे पाहत होते. कित्येक महिन्यांत त्यांनी कशाकडे तरी पाहिलेले मी प्रथम पाहत होतो.

थोड्या वेळाने मी पाण्याचा हबका मारला. थेंब घरंगळले. वास अजून पाल्याचा, हिरवा. अर्धेच काम झाले होते. मी तांब्या खाली ठेवला, आणि तेवढ्यात पत्नीने माझा दंड धरला.

मेहुण्यांचा डावा हात वर गेला होता. तळवा आकाशाकडे. उचला.

मित्र माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "साहेब, आजून वेळ हाय."

"माहीत आहे."

"मंग?"

हात खाली आला नव्हता. मडके ठेवले तर आतले शिजेल आणि हा हात, सर्वांच्या देखत, मोडीत निघेल. मडके उतरवले तर सगळे कच्चे निघेल आणि ते पुन्हा चढणार नाही. कारखान्यात अशा वेळी मी क्षणभरही थांबलो नसतो; वेळेआधी भट्टीचे दार उघडणाऱ्याला मी घरी पाठवले असते.

"उतरवा," मी म्हणालो.

"साहेब—"

"उतरवा म्हणालो ना."

मित्राने बांबूने मडके ओढून काढले. पाला सोडवला, केळीच्या पानांवर सारे ओतले. वाफ आली, पण ती नेहमीची दाट वाफ नव्हती. शेंगा कशाबशा झाल्या होत्या. अंडी ठीक होती. मी कोंबडीचा एक तुकडा उलगडला. हाडाजवळ तांबूस होता. पुन्हा पानात गुंडाळला.

"वालाला यंदा गोडी हाय हां," मित्र मोठ्याने म्हणाला.

"मस्त झालीय, दादा," पत्नी म्हणाली. "अगदी तुझ्या हातची."

वहिनींनी शेंगा सोलून दाणे चिमटीत कुसकरले आणि मेहुण्यांच्या तोंडापाशी नेले. त्यांनी मान फिरवली. मग डावा हात पुढे करून पानावरचा एक बटाटा स्वतःच उचलला. वहिनी "अवो, गरम हाय" म्हणेपर्यंत त्यांनी तो सालासकट चावला. दातांखाली कच् असा आवाज झाला. तो सर्वांना ऐकू गेला.

त्यांचा जबडा थांबला. घास बाहेर काढून त्यांनी हातात धरला आणि पाहिला. ओठ हलू लागले. उजवा कोपरा ओढला जात होता आणि डावा त्याला खेचत होता. कपाळावर शीर उभी राहिली. कोणी पुढे झाले नाही. मी आजवर अनेक जड वस्तू जागेवरून हलताना पाहिल्या आहेत. इतके जड काही हलताना पाहिले नव्हते.

"क," ते म्हणाले. मग थांबले. मग, "कच्चा."

रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांचा आवाज तेवढा येत होता.

मेहुण्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. रागाने पाहिले. "भावोजी," ते म्हणाले. "कच्चा हाय."

"होय," मी म्हणालो. "कच्चा आहे."

मित्राने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "आरं तुजी! पाच म्हैने मौन, आनि तोंड उगडला त नाव ठेवाला! सवताच उचला बोललास ना रं?"

मेहुण्यांनी हातातला अर्धा बटाटा त्याला फेकून मारला. तो त्याच्या खांद्याला लागला. मित्र हसू लागला आणि हसता हसता त्याने टॉवेल तोंडावर धरला, तो बराच वेळ काढला नाही. वहिनी उठून घरात गेल्या. पाणी आणते, म्हणाल्या. पाण्याची कळशी बाहेरच होती.

काही वाया घालवणे मेहुण्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी बोटाने विस्तवाकडे दाखवले, मग कोंबडीकडे. मडक्यात आता काही जाणार नव्हते, पण निखारे उघड्यावर होते. बटाटे आणि रताळी मी गरम राखेत पुरली. मित्राने पलीकडच्या आपल्या घरून सुके बोंबील भाजायची लोखंडी जाळी आणली, ती चार दगडांवर ठेवली आणि तिच्यावर तुकडे मांडायला निघाला, तेव्हा मेहुण्यांनी घशातून आवाज काढून त्याला थांबवले. खुर्ची पुढे घ्या, अशी खूण केली. आम्ही खुर्ची उचलून जाळीपाशी नेली.

त्यांनी डावा तळवा जाळीच्या वर, वीतभर अंतरावर धरला.

"एक," ते म्हणाले. "दोन." तिसऱ्याला हात झटकन मागे आला. त्यांनी मान हलवली आणि निखारे पसरायला सांगितले. मी पसरले. पुन्हा हात. या वेळी ते चारापर्यंत गेले. पुन्हा मान हलली; मी पुन्हा पसरले. निखाऱ्यावर हात किती टिकतो, यावरून आच ओळखायची ही रीत मी तोवर पाहिली नव्हती. मासळीला तिनाची आच, कोंबडीला सहाची, हे त्यांनी मला पुढच्या वर्षी सांगितले, पूर्ण वाक्यात. त्या दिवशी मला आचेचे काही कळत नव्हते. मी फक्त आकडे ऐकत होतो. "कच्चा" म्हणताना जो माणूस एकेका अक्षरासाठी झगडला होता, त्याच्या तोंडून आकडे मात्र एकामागून एक, न अडखळता, स्वच्छ येत होते. कोठून येत होते, मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी पुढे त्याचे काही कारण सांगितले. ते खरे असेल.

तिसऱ्या खेपेला आच हवी तशी झाली. तुकडे जाळीवर गेले. मेहुण्यांनी "सहा" म्हणून थांबायला हवे होते, पण हात बाजूला घेतल्यावरही ते थांबले नाहीत. सात. आठ. नऊ. बहुधा त्यांनाही तो आवाज ऐकायचा होता. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. पत्नी जमिनीवर बसली. मित्र हातातला चिमटा तसाच धरून त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. अकरा. बारा. सूर्य शेताच्या कडेला टेकला होता आणि जाळीखालचे निखारे उजळ दिसू लागले होते. आम्ही पाच माणसे आणि विसाच्या पुढे गेलेले आकडे.

कोंबडी एका बाजूने करपली. उलटायचे कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. करपलेले तुकडे मी खाल्ले.