कोयत्याखालचं साफूचं झाड

आमच्या गावात एसिंदीदादाइतका हट्टी माणूस दुसरा नाही. असता तर त्या दोघांनी मिळून गावाचं नावच बदलून ‘नाही’ ठेवलं असतं. मी त्याचा शेजारी. दोन अंगणांच्या मध्ये केळींची एक रांग, आणि तिच्यातून ऐकू येत नाही असं काही नाही. असोमोवहिनी, म्हणजे त्याची बायको, सकाळी त्याला जे ऐकवायची, ते ऐकून मी दिवसभर माझ्या बायकोशी नम्रपणे वागायचो.

वहिनीच्या स्वयंपाकघरामागे साफूचं जुनं झाड होतं. साफू काय, आमच्याकडे दारोदारी असतात. पण या झाडाचं फळ जांभळं-काळं, बदकाच्या अंड्याएवढं. गरम राखेत जरा लोळवलं की आतला गर लोण्यासारखा मऊ. पानात बांधून उकडलेल्या कसाव्याच्या कंदाच्या कांडीबरोबर ते खाल्लं की पाहुणा उठायचं सोडून मुक्कामाला जागा कुठे आहे ते बघायचा.

झाड थकलं तेव्हा माझा मेहुणा बिलुंगा दादाला म्हणाला होता, “एका फांदीला गुटी बांधून देतो. फांदीला मुळं फुटली की तेच झाड, तसंच फळ.” हे त्याचं रोजचं काम. साल सोलायची, ओला भुसा लावायचा, वर फडकं गुंडाळायचं.

दादा भडकला. “माझ्या बायकोच्या झाडाला जखम करणार आणि वर पट्टी बांधणार? झाड आहे ते, इस्पितळातला पेशंट नाही! पोर बीमधून जन्मतं, तुटलेल्या हातातून नाही.”

त्याच पावसाळ्याच्या तोंडाशी वादळात झाड आडवं झालं. वहिनीनं पडलेल्या फळांतलं सगळ्यात जाडजूड खाल्लं आणि दादानं तिच्या ताटलीतली बी उचलून त्याच संध्याकाळी त्याच जागी पुरली. साफूच्या बीला धीर नसतो. चार दिवस ठेवली तर मरते. जाड फळाची बी म्हणजे जाड फळाचं झाड, असं आमच्याकडे सगळेच मानतात. बी मुलगा देईल की मुलगी, हे मात्र कुणी विचारत नाही.

रोपाचे लाड जसे झाले तसे माझ्या पोरांचे कधी झाले नाहीत. उन्हाला ताडाच्या झावळ्यांचं छप्पर, बुंध्याला चुलीची राख, भांडी धुतलेलं पाणी. शेळी जवळ फिरकली तर दादा तिच्या मालकाच्या आजोबांपर्यंत शिव्या पोचवायचा.

पाच-सहा वर्षं गेली, रोपाचं झाड झालं, आणि वहिनी आजारी पडली. शहरातल्या इस्पितळातून सांगितलं, “घरी न्या, आवडेल ते खायला घाला.” वाक्य गोड आहे. अर्थ आम्हा सगळ्यांना कळला.

तिला काय आवडणार होतं? “माझ्या झाडाचा साफू,” ती म्हणाली. हंगाम सरत आला होता, तरी लोकांनी टोपल्या भरभरून आणले. ती एक चाटून खाली ठेवायची. “हा साफू आहे की सवतीचा टोमणा? नुसता आंबट!”

आणि त्याच वर्षी झाड पहिल्यांदा फुललं. दादा मला दंडाला धरून ओढत घेऊन गेला. “बघ झोआ! पावसात फळं पिकतील. तोवर तिनं तग धरला की झालं.”

घोस लांबलचक होते, गच्च भरलेले. मधमाश्यांची तर जत्रा. आमच्या मागोमाग आलेल्या बिलुंगानं वर पाहिलं आणि टोपी काढली.

“दादा, हा गडी आहे.”

“कोण गडी?”

“झाड. नर आहे. फुलं देईल, फळ नाही.”

“तुझी आईही तुझ्याबद्दल हेच म्हणायची! एखादा नरही चार फळं देतो, ऐकलंय मी.”

“देतो. एखादा.”

‘एखादा’ या शब्दावर दादानं घर बांधलं. आमच्याकडे न फळणाऱ्या झाडाला धाक घालायची रीत आहे. एकानं कोयता उगारायचा, दुसऱ्यानं झाडातर्फे गयावया करायची, पुढच्या वर्षी फळेल असं वचन द्यायचं. मग एक घाव सालीवर घालून सोडून द्यायचं. गयावयाला मला नेमलं.

“ए ऐतखाऊ!” दादा गरजला. “राख खाल्लीस, पाणी प्यालास, आणि देतोस काय? फुलं? लग्न आहे का कुणाचं?”

“नको रे दादा,” मी हात जोडले, “लेकरू आहे. पुढच्या वर्षी—”

“पुढच्या नाही! याच पावसात! नीट सांग त्याला!”

खिडकीतून वहिनीचा आवाज आला, तुटका, पण धार तीच. “झोआभाऊ, मनापासून रडा की! स्वतःच्या लग्नात बरे रडला होतात!”

आम्ही हसलो. दादानं घाव घातला, त्यातून चीक आला, आणि तोही त्याला शुभशकुन वाटला.

फुलं गळाली. देठाशी काही उरलं नाही. दादा तरी रोज पहाटे मान वर करून उभा. एका सकाळी वहिनीनं चटईवर झाडाखाली न्यायला सांगितलं. आम्ही दोघांनी तिला उचललं. केळीचा घड याहून जड असतो.

“म्हाताऱ्या,” ती म्हणाली, “नर आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. एवढ्या माश्या बाईमाणसाकडे येत नाहीत.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू इथे मान मोडून उभा असायचास, तेवढा वेळ माझ्या उशाशी बसून रडत नव्हतास. मला जरा झोप लागायची.”

  तिच्या कपाळावरचं एक वाळकं फूल दादानं काढलं आणि ते कुठे ठेवावं हे न कळून मुठीत धरून बसला.

पाऊस लागायच्या आत ती गेली. स्वयंपाकघरामागेच, झाडाशेजारी तिला पुरलं.

पुढच्या वर्षी झाड आणखी फुललं. दादा कोयता घेऊन केळींतून माझ्याकडे आला. मला वाटलं, आता तोडणार.

“या वेळी धाक तू घाल,” तो म्हणाला. “गयावया मी करतो.”

मी कोयता उगारला, ऐतखाऊ म्हणालो, निर्लज्ज म्हणालो. दादा बुंध्याला पाठ लावून उभा राहिला.

“नको तोडूस. हे फळणार नाही.”

“अरे दादा, तसं नाही म्हणायचं. पुढच्या वर्षी फळेल, असं म्हण. त्याशिवाय मला कोयता खाली घेता येत नाही.”

“खोटं कशाला बोलू? ती इथेच आहे, ऐकतेय.”

वर माश्या घोंघावत होत्या. केळींपलीकडून माझी बायको ओरडली, “अहो, झालं का तुमचं?” मी काय सांगणार? दादा डोळे मिटून उभा होता. मी कोयता वर धरून उभा, हाताला रग लागलेली.