हो की नाही, एवढंच सांगा

"हो की नाही, एवढंच सांगा," असं म्हणून बाई उजव्या हाताचं एक बोट वर करत. बोट खाली येईपर्यंत आपण उत्तर द्यायचं. त्यापुढचं बोलणं त्यांच्या लेखी फुकट.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात बाई फिजिक्स शिकवत आणि मी मराठी. मुलुंडला आम्ही एकाच सोसायटीत राहत होतो. स्टाफरूममध्ये कुणी "अहो, काल काय झालं माहितीये का" असं सुरू केलं की बोट वर. "कुणी गेलं का? हो की नाही?" नाही म्हटलं की बाई पुन्हा पेपर तपासायला लागत. अशी तुसडी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. फरक इतकाच, की बाईंच्या तुसडेपणामागे शास्त्र होतं.

ते त्यांनी मला एकदा, मी विचारलं नसताना, समजावलं. "बुद्धिबळाच्या पटावरचं एक घर मनात धरा." मी धरलं. "डाव्या अर्ध्यात आहे?" नाही. "खालच्या अर्ध्यात?" हो. दर उत्तराला उरलेला पट निम्मा होत गेला, आणि सहा प्रश्नांत बाईंनी माझं घर पकडलं.

"आता या खोलीतली हवा घ्या. प्रत्येक कण कुठे आहे, किती वेगाने पळतोय, हे कळायला असे किती प्रश्न लागतील? तेवढी तिची एन्ट्रॉपी. हवा तापवली की कणांना पळायच्या तऱ्हा वाढतात. म्हणजे प्रश्न वाढले."

"पण एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, असं म्हणतात ना?" मी कुठेतरी वाचलेलं ठोकून दिलं.

बाईंनी माझ्या टेबलाकडे पाहिलं. तिथे कागदांचा डोंगर होता. "गेल्या परीक्षेची प्रश्नपत्रिका काढा." मी ढिगात हात घालून काढली. "बघा. तुम्हाला कुठे काय आहे ते ठाऊक आहे, तुमच्यापुरती या टेबलाची एन्ट्रॉपी शून्य. माझ्यापुरती भरपूर. पसारा टेबलावर नसतो हो, आपल्याला माहीत नसण्यात असतो."

माझ्या टेबलाबद्दल इतकं चांगलं माझी बायकोही कधी बोलली नव्हती.

परीक्षेत मुलांनी 'एन्ट्रॉपी म्हणजे आपलं अज्ञान' असं लिहिलं आणि तपासणाऱ्याने त्यांना भोपळे दिले. प्रिन्सिपॉलनी बाईंना बोलावलं. "मुलांना मार्क हवेत. अज्ञान कशाला शिकवता?" बाई म्हणाल्या, "अज्ञान त्यांच्याकडे असतंच सर. मी ते मोजायला शिकवते."

देवाने अशा बाईला नवरा दिला तो मालवणचा. साकीनाक्याला एका कारखान्यात सुपरवायझर असलेला हा माणूस "दूध आणलंत का?" या प्रश्नावर डेअरीवाल्याच्या मेव्हण्याचं लग्न कसं मोडलं ते सांगायचा. बाईंचं बोट वर असायचं. ते त्या बोटाकडे न बघता बोलत राहायचे.

एका सकाळी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत मात्र सगळं होतं. डाव्या हाताने ते बाईंचा हात दाबत. एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही. लग्न झाल्यापासून बाईंनी जे मागितलं होतं, ते त्यांना असं मिळालं.

बाईंनी काम पद्धतशीर हाती घेतलं. शरीराचं काही आहे? कमरेच्या वर? खायचं? प्यायचं? औषधं वेळेवर जात, पाठ वेळेवर पुसली जाई. तरी काहीतरी राहून जायचं. मी एकदा बघायला गेलो, तेव्हा ते सगळ्याच प्रश्नांना नाही म्हणत होते. शेवटी त्यांनी हात सोडवून घेतला आणि डोळे मिटले.

त्याच आठवड्यात गावाहून त्यांची थोरली बहीण आली. बाईंचं नणंदेशी कधी जमलं नव्हतं. ती खोलीत आली, पिशवी खाली ठेवली, भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "गे, तेका खिडकी उघडी व्हयी. खाली माणसां बोलतत, ता आयकूचा आसा तेका."

खिडकी उघडली. खाली वॉचमन आणि इस्त्रीवाला कशावरून तरी हुज्जत घालत होते. यजमानांनी बहिणीचा हात धरून दाबला. एकदाच.

संध्याकाळी जिन्यात बाई भेटल्या. "मी इतके प्रश्न विचारले. तिने एकसुद्धा नाही."

"लहानपणापासूनची बहीण आहे ती," मी म्हणालो.

"मी बायको आहे." मग त्या म्हणाल्या, "हे शास्त्र मी रोज शिकवते हो. तिला त्यांच्याबद्दल आधीच ठाऊक होतं. मला नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून स्टाफरूममध्ये नवल घडलं. बाईंचं बोट वर येईना. केमिस्ट्रीवाल्यांचं घरमालकाशी वाजलं, तर त्या खुर्ची ओढून बसल्या. "मग तो नेमकं काय म्हणाला? त्याच्याच शब्दांत सांगा." कँटीन, लायब्ररी, शिपायांची खोली, बाई सगळीकडून बातम्या गोळा करू लागल्या. आम्हाला वाटलं, धक्क्याने डोक्यावर परिणाम झाला. मग एकदा वर बाईंच्या घरी गेलो तेव्हा दारातूनच ऐकू आलं. बाई नवऱ्याच्या उशाशी बसून घरमालकाची गोष्ट सांगत होत्या. सांगायची सवय नव्हती, मध्येच अडखळत होत्या, घरमालकाचा आवाज काढायला गेल्या आणि तो प्रिन्सिपॉलसारखा आला. नणंद कोपऱ्यात हसत होती. यजमानांचं अर्धं तोंड हसत होतं. बाई काही विचारत नव्हत्या, आणि ते त्यांचा हात पुन्हा पुन्हा दाबत होते.

असं वर्षभर चाललं. मग ते गेले.

बाई पंधरा दिवसांनी कामावर आल्या. आमचा शिपाई वाट बघत असल्यासारखा पुढे झाला. "बाई, तुम्ही नव्हता तेव्हा लय मजा झाली. अकाउंटंट आणि कँटीनवाला..." मी त्याला डोळ्याने खुणावलं, पण त्याची गाडी सुटली होती. बाईंनी सगळं ऐकलं. मध्ये एकदा "मग?" असंही विचारलं. तो संपवून थांबला.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "पण आता हे घरी कुणाला सांगू?"

तासाची घंटा झाली. बाईंचाच तास होता. त्या उठल्या नाहीत, आणि आम्हीही कुणी आठवण केली नाही.