मिठाच्या दोन गल्ल्या

निवृत्त माणसाच्या घरात दोन गोष्टी न मागता साठतात: औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्या बायको फेकून देते. किस्से फेकता येत नाहीत आणि ऐकून घ्यायला ती तयार नसते, म्हणून तुम्हाला सांगतो.

आमच्या वाशिमला एक डॉक्टर मॅडम आहेत. सकाळी पेशंट तपासतात, दुपारनंतर संशोधन करतात. सरकारी कारकुनीतून सुटल्यावर मी त्यांच्या संशोधनाच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळायला जाऊ लागलो. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "संशोधनातलं काय कळतं तुम्हाला?"

"काहीच नाही."

"उत्तम! म्हणजे निष्कर्ष आधीच सांगून मोकळे होणार नाही तुम्ही."

अज्ञानाच्या जोरावर मिळालेली ही माझी दुसरी नोकरी.

* * *

मॅडमचा अभ्यास तसा साधा होता. सोडियम कमी असलेलं एक मीठ मिळतं. ते रोजच्या स्वयंपाकात वापरलं तर आपल्याकडच्या माणसांचं बीपी उतरतं का, एवढंच पाहायचं. त्यासाठी जऊळक्याच्या पलीकडचं एक गाव घेतलं. गावात दोन मोठ्या गल्ल्या, वरची आणि खालची. एका गल्लीला नवं मीठ द्यायचं, दुसरीनं आपलं नेहमीचं खायचं आणि शेवटी दोन्हीकडचं बीपी ताडून पाहायचं.

समाजमंदिरात सभा भरली. मॅडम उभ्या राहिल्या आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या, "हे मीठ आपल्याकडे उपयोगी पडतं की नाही, मला माहीत नाही."

सभेत कुजबुज सुरू झाली. डॉक्टरच्या तोंडून असलं वाक्य गावानं कधी ऐकलं नव्हतं. वरच्या गल्लीतल्या गयाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "माहीत नाही त एवढ्या दुरून आल्या कायले, डॉक्टरीनबाई? माहीत त आमाले बी नाही. पण आमी घरीच बसून हावो ना!"

मॅडम मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, "जे निघेल ते, बरं असो की वाईट, मी इथे येऊन तुम्हाला सांगेन. बाकीच्यांना नंतर."

"सारे असंच म्हंतात, बाई," गयाबाई म्हणाल्या. "रक्त घेऊन गेलेला माणूस मांगं वळून आलेला मी त पाह्यला नाही."

आतापर्यंत तीन-चार पथकं त्या गावाचं रक्त घेऊन गेली होती. एकही परतलं नव्हतं. मॅडमचं हसू तेवढ्यापुरतं थांबलं.

* * *

नवं मीठ कुठल्या गल्लीला द्यायचं, ते चिठ्ठी टाकून ठरवायचं होतं. यावर गाव नाराज! एवढी शिकलेली बाई आणि चिठ्ठ्या टाकते?

सरपंचबाईंचे यजमान भाऊराव खालच्या गल्लीत राहतात. गावाचा कारभार तेच बघतात, सरपंचबाई सही करतात. भाऊरावांनी मॅडमना बाजूला घेतलं. "मॅडम, चिठ्ठी खालच्या गल्लीची काढजा."

"अहो, असं ठरवून काढली तर तिला चिठ्ठी कसं म्हणायचं?"

भाऊराव बुचकळ्यात पडले. "आमच्याकडे त ठरल्यावरच चिठ्ठी टाकतात!"

चिठ्ठी वरच्या गल्लीची निघाली. भाऊराव दोन महिने मॅडमशी फक्त कामापुरतं बोलले.

* * *

संशोधनात एकदा नाव घातलेल्या माणसाचंच बीपी पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. गयाबाईंचे मालक नामदेवराव यांची पाळी आली, तर खुर्चीत भलताच माणूस बाही वर करून बसलेला.

"नामदेवराव कुठे आहेत?"

"दादा पोहरादेवीच्या यात्रेत दुकान लावाले गेला. त्याच्या बदली मी आलो."

"तुम्ही कसे चालाल?"

"काहून नाही चालत? एकाच मायचे लेकरं हावो! रक्त काय येगळं हाये?"

मॅडमनी पाच मिनिटं समजावलं. मी मध्ये पडलो नाही. आमच्या जुन्या ऑफिसात एकाच्या बदली दुसरा बसूनच निम्मा कारभार चालायचा, तेव्हा मी कुठल्या तोंडानं बोलणार? शेवटी गृहस्थ उठले. जाता जाता म्हणाले, "पाहा बाप्पा! आता आलोच हावो त मोजून घ्या. पण जास्त निंघालं त दादाच्या नावावर लावू नका."

जास्तच निघालं. मॅडमनी त्याला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बोलावलं. आजही त्याची गोळी सुरू आहे. अभ्यासात त्याचं नाव कुठेही नाही.

* * *

विज्ञान लोकांपर्यंत न्यायला हवं, असं मॅडमचं म्हणणं. म्हणून त्यांनी एका स्थानिक पोर्टलच्या वार्ताहराला अर्धा तास मुलाखत दिली. "मिठाचा आणि बीपीचा संबंध आहे. आपल्या भागात या मिठानं फरक पडू शकतो, पण अजून सिद्ध झालेलं नाही," असं त्यांनी जपून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर मथळा आला, 'मीठ सोडा, बीपी विसरा! वाशिमच्या डॉक्टरांचा दावा'.

स्टँडजवळच्या हॉटेलवाल्यानं दुपारपर्यंत अळणी भजी तळली. संध्याकाळी गिऱ्हाइकं आणि तो, सगळेच मॅडमचं नाव घेत होते. घेण्याची पद्धत मात्र बरी नव्हती.

मॅडमनी वार्ताहराला फोन लावला. "मी 'पडू शकतो' म्हटलं होतं! 'अजून सिद्ध झालेलं नाही' म्हटलं होतं!"

तो शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे मॅडम. पण ते मथळ्यात बसत नव्हतं."

* * *

अभ्यास संपत आला. आकडे नागपूरला गेले आणि तिथून उत्तर आलं की दोन्ही गल्ल्यांत काहीच फरक नाही. नवं मीठ खाणारी वरची गल्ली आणि न खाणारी खालची, दोन्हींचं बीपी सारखंच थोडं उतरलेलं. तिकडच्या हुशार लोकांना अर्थ लागेना. मॅडमनाही लागेना. त्या मला घेऊन गावात गेल्या.

खालच्या गल्लीत भाऊरावांच्या घरी चहा झाला. सरपंचबाई पोहे करत होत्या आणि फळीवर आमच्या नव्या मिठाची पुडी!

"ही कुठून आली?"

"संक्रांतीच्या वाणाची हाये," सरपंचबाई म्हणाल्या. "वरच्या गल्लीतल्या बायांनी यंदा हळदीकुंकवाले हेच वाटलं. गयाबाईनं काढलं हे. प्लास्टिकच्या डब्या देण्यापरीस बरं! संपलं की अजून बी देतात."

मला वाटलं, आता मॅडम कपाळावर हात मारणार. त्यांनी आधी विचारलं, "या गल्लीत किडनीचा त्रास कोणाला आहे?" तसल्या माणसाला हे मीठ बाधू शकतं; वरच्या गल्लीला म्हणूनच आधी रक्त तपासून मीठ दिलं होतं. उन्हातान्हात त्या घरोघर फिरल्या, आमची पिशवी पुड्यांनी भरली. सुदैवानं कोणालाही काही झालेलं नव्हतं. मगच गाडीत बसून त्यांनी कपाळावर हात मारला.

नागपूरचे त्यांचे जुने सर फोनवर म्हणाले, "अगं, गेलं ते गेलं. गावाला कशाला सांगतेस? दुसरं गाव घे." वर्षाची मेहनत वाया गेली होती. सल्ला व्यवहाराचा होता. मी कारकून माणूस, मलाही पटला.

मॅडम म्हणाल्या, "पण मी सांगेन म्हटलं होतं."

* * *

पुन्हा समाजमंदिर, पुन्हा सगळं गाव. पण या वेळी बाया मागे मागे बसल्या होत्या. पुड्या जमा केल्याची बातमी सगळीकडे झाली होती.

मॅडमनी सरळ सांगितलं. मीठ दोन्ही गल्ल्यांत पोचलं, त्यामुळे तुलना करता आली नाही. ते उपयोगी आहे की नाही, हे आजही माहीत नाही. "इथे संक्रांतीला काय वाटतात, हे मी आधी विचारायला हवं होतं. ते राहिलं."

भाऊराव छताकडे बघत होते. मग मागून गयाबाई उठल्या आणि वाट काढत टेबलापर्यंत आल्या. त्यांनी मॅडमकडे नीट पाहून घेतलं.

"फक्त एवढंच सांगाले आल्या तुमी?"

"हो."

"रक्त बी नाही पाह्यजे?"

"आज नाही. पण तुमची तयारी असेल, तर पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

गयाबाई खुर्चीत बसल्या आणि बाही वर सरकवली. "पुढच्या वर्षाले कायले? आताच करा सुरू!"

मॅडमचे डोळे भरून आले, पण त्या शेवटी शास्त्रज्ञ. त्यांनी विचारलं, "गयाबाई, या खेपेला पुडी खालच्या गल्लीत देणार नाही ना?"

"देईन ना!" गयाबाई म्हणाल्या. "पण आता तुमाले इचारून देईन."