फरशीवरचा निकाल

"ताई, गाणं लागलं की हात जरा झपाझप चालव. एवढंच कर माझ्यासाठी."

"आणि मालकाला कळलं तर?"

"काय कळतंय त्याला. पोछा पळाला की झालं."

नाचघराच्या मालकाची रीतच तशी होती. नवं गाणं आलं की दुपारी फरशी पुसणाऱ्या बाईला काही न सांगता ते दणक्यात लावायचं आणि तिच्या हाताकडं बघत बसायचं. हातानं आपणहून वेग धरला तर गाण्यात दम, नाहीतर भंगार. ठोक्या त्याच्यासाठी कॉम्प्युटरवर नाचाची गाणी बनवायचा. अलीकडं सगळी पडत होती. आज पडलं तर त्याची जागा नव्या माणसाला जाणार होती. आणि फरशी पुसणारी त्याची सख्खी बहीण.

गाणं लागलं. ताईनं पोछा असा हाणला की पाणी भिंतीवर उडालं. ठोक्या मनातल्या मनात खूश. मग ती जागा आली, जिच्यासाठी त्यानं जीव आटवला होता. सूर चढत चढत जातो, ठोका एकदम गायब होतो, श्वास अडकतो आणि मग दणका बसतो. ताईचा पोछा त्या शांततेतही सुसाट चालूच. थांबायचं कुठं, हे सांगायला ठोक्या विसरला होता.

मालकानं गाणं बंद केलं. "ठोका गेला तरी बाई थबकली नाही. बहिरी आहे, का तू पढवलीस?"

ताईनं मान खाली घातली. व्हायचं ते झालं.

"नुसतं पळवण्यात दम नसतो रे. माणसाला अडवून धरायचं, मग सोडायचं. तुझ्या गाण्यात ते असेलही. आता मला कळायचं नाही, आणि परत ऐकायचीही इच्छा नाही. बाई, तू नीघ."

"मालक, तिचं काय चुकलं?"

"तिच्या जागी तू पूस. गाणी बंद."

ताईनं पोछा भावाच्या हातात दिला. "झालं समाधान?" म्हणाली आणि चपला घालून चालती झाली.

मालकानं नव्या माणसाचं गाणं लावलं. ठोक्यानं ठरवलं, मढ्यासारखं पुसायचं, वेग धरायचा नाही. पण सूर चढला, ठोका गेला आणि त्याचे हात जागच्या जागी गोठले. दणका बसला तसा पोछा सपकन पुढं गेला.

"पास," मालक म्हणाला. "कोपरे राहिलेत बघ."

ठोक्यानं फडकं बादलीत पिळलं आणि कोपऱ्याकडं सरकला.