गालगुंडाचा लेप

आर्त मनाने हाक मारली की परमेश्वर धावून येतो, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. आमच्याकडे तो आला तो मात्र रागवायला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही बोळिंजला नवीन होतो. आमच्या सात वर्षांच्या सईचा डावा गाल वर येऊ लागला. दुखणं नाही, ताप नाही. शेजारच्या काकूंनी गालगुंड ठरवून लेप दिला. त्याने गाल काळा झाला, कमी काही झाला नाही. मग मुंबईच्या एका नामांकित सर्जननी एक्सरे उजेडासमोर धरला, वाईट गाठ म्हणाले आणि वरचा अर्धा जबडा काढायची तारीख दिली. त्यांच्या खोलीत सत्काराच्या इतक्या तसबिरी होत्या की मला प्रश्न विचारायला धीर झाला नाही.

ऑपरेशनआधी बायकोला जवळच्या आगाशीच्या शंकराचं दर्शन हवं होतं. एरवी मी देवळात चपलांची काळजी करतो. त्या दिवशी चपला कुठे काढल्या हेही आठवत नव्हतं. घरून निघताना बायकोने सईच्या गालाला पुन्हा लेप लावला. गालगुंड म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत. रांगेत मागे उभ्या असलेल्या पन्नाशीच्या बाईंनाही तिने तेच सांगितलं.

"मग गर्दीत कशाला आणलंत हिला? लागण होते त्याची. इथे एवढी पोरं आहेत."

बायकोला रडू फुटलं आणि तिने खरं ते सगळं सांगून टाकलं. सईला देवळासमोरच्या तळ्याच्या पायरीवर बसवून बाईंनी स्वतः लेप धुतला आणि अंगठ्याने हाड चाचपलं. त्या मुंबईच्या एका इस्पितळात जबड्याच्या शस्त्रक्रिया शिकवत होत्या.

"तुकडा काढून तपासला का?"

नव्हता तपासला.

"मग जबडा कशाच्या भरवशावर काढताय?"

त्यांनी इस्पितळात बोलावलं, सईचे जुने फोटो घेऊन. वाढदिवसांच्या फोटोंत तो गाल दोन वर्षांपासून हळूहळू भरत आलेला दिसत होता. स्कॅनमध्ये हाड दुधी काचेसारखं धूसर आलं. तुकड्याच्या तपासणीने नक्की झालं: कर्करोग नाही. हाडाच्या जागी तंतूंची भर पडत होती. सईची वाढ थांबेपर्यंत हात लावायचा नाही, फक्त लक्ष ठेवायचं, असं त्या म्हणाल्या.

कापणारे हात मी पाहिले होते, थांबणारे पहिल्यांदाच पाहिले. दर वर्षी बाई गाल चाचपत, हाड डोळ्याकडे सरकत नाही ना म्हणून नजर तपासत आणि आम्हाला परत पाठवत. शरणागती म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणं, असा माझा समज होता. डोळे उघडे ठेवून स्वस्थ बसणं किती अवघड असतं, ते त्या वर्षांत कळलं.

सई कॉलेजात गेल्यावर बाईंनी ओठाच्या आतून हाड तासलं. बाहेर व्रणसुद्धा नाही. बायको आगाशीचे पेढे घेऊन गेली आणि म्हणाली, "त्या दिवशी शंकरानेच तुम्हाला आमच्या मागे उभं केलं."

बाईंनी पेढा खाल्ला. मग म्हणाल्या की त्या आगाशीला सुकेळी, म्हणजे तिथली वाळवलेली केळी, घ्यायला आल्या होत्या, आणि ती रांग दुकानाची आहे असं त्यांना वाटलं होतं.