घटाला पाणी घालणारी

नवरात्रात तुमच्या घरी घटाला पाणी कोण घालतं? खरं सांगा, माहीत तरी आहे का?

काचीगुड्याच्या हिम्मतरावांना माहीत नव्हतं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तेहतीस वर्षं काढून माणूस रिटायर झाला, पण घरातला घट त्याचाच. मूळचं देगलूरकडचं शेतकरी घर. आजा निजामाच्या राज्यात नांगर धरायचा तेव्हापासूनची रीत: पत्रावळीवर गावची काळी माती, तिच्यात गहू, मधे पाण्यानं भरलेला घट. नऊ दिवसांत धान किती वर आलं त्यावरून वर्ष कसं जाणार ते ठरायचं. पहिल्या दिवशी मुठीनं पेरणार हिम्मतराव. दसऱ्याला हिरवा तुरा टोपीत खोचून भाऊबंदांत मिरवणार हिम्मतराव. मधले दिवस बायकोचे, चतुराबाईचे. माती ओली ठेव, समई जपून राख, माळेला तरवडाची फुलं आण, आणि हे सगळं उपाशीपोटी. उपास दोघांचाही.

अकरा वर्षांपूर्वी तिसरी माळ आली तरी एक कोंब दिसेना. नवरा तोंड पाडून बसलेला. बाईनं कुणाला न सांगता गहू भिजवले, मोड आणले आणि सकाळी मातीत दाबून टाकले. दुसऱ्या दिवशी हिरवं दिसलं. हिम्मतराव देवघरात पालथे पडले, डोळ्यांना धार.

"आई पावली गं! बघितलीस का?"

चतुराबाई मागे उभी. नखांत अजून माती. तिनं बघितलं. समोर कुणी नव्हतं. जे काही केलं ते आपणच केलेलं. तिचं कुणी मेलं नव्हतं, कुण्या बुवानं तिला फसवलं नव्हतं. पंखा चालता चालता करंट जावा तसा तिचा देव गेला. वाट बघितली तिनं, दोन-चार वर्षं. आला नाही.

सांगणार कुणाला? नवरा भला माणूस. दारू नाही, शिवी नाही, पगार सरळ हातात. त्याच्या एका सुखावर पाय कसा द्यायचा? म्हणून दर नवरात्रात उपास, माळ, आरती आणि चोरून मोड आलेले गहू. शुगर लागली, गुडघे गेले. पण बाई टाळ्या वाजवत उभी.

यंदा हिम्मतरावांच्या छातीत कळ आली. तीन नसा बंद निघाल्या. ऑपरेशन दसऱ्यानंतरच्या सोमवारी ठरलं. दवाखान्याच्या धावपळीत घटस्थापनेला बाईच्या हाती चुकीचा डबा आला. कीड लागू नये म्हणून औषध चोळून ठेवलेला, दोन वर्षांचा गहू. तो काय उगवणार? पाचवी माळ झाली तरी माती काळीच. या खेपेला मोड आणायचं तिच्या जिवावर आलं.

हिम्मतराव मातीकडे बघत म्हणाले, "आईनं तोंड फिरवलं. मी सोमवारी जात नाही. टेबलावरच जायचं असेल, तर घरात गेलेलं बरं."

तारनाक्याहून लेक तेजश्री धावत आली. डॉक्टर म्हणाले होते की महिनाभरही थांबायला जागा नाही. बापापुढे रडून झालं, भांडून झालं. मग ती आईला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"आई, परेशान कायकू होतीस? मॉलमध्ये गव्हाच्या पातीचा ट्रे मिळतो, ज्यूस करायचा. रेडीमेड, इतका उंच! आणते आणि लावून टाकते. पप्पांना काय कळतंय?"

चतुराबाईला हसू आलं. अकरा वर्षं आपण मरमर केली, आणि हे मॉलमध्ये मिळतं!

लेक चप्पल घालायला लागली.

"नक्को," बाई म्हणाली. "बस तू इथंच."

आज ट्रे आणला तर माणूस सोमवारी ऑपरेशनला जाईल, हे तिला कळत होतं. पण पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या? तिच्यात आता आणखी एका खोट्याएवढं बळ उरलं नव्हतं. ती देवघरात गेली, गुडघ्यावर हात देत पाटावर बसली.

"अहो, ऐका. गहू औषधाचा होता. माझी चूक. देवीनं काही फिरवलं नाही."

"तू माझ्या समाधानासाठी बोलतीस."

"समाधानासाठी अकरा वर्षं केलं ते वेगळंच. दर साली मोड मी आणत होते."

हिम्मतराव बोटांवर सालं मोजू लागले. "तेजूला नोकरी लागली त्या वर्षी?"

"हौ."

"हे घर घेतलं त्या साली, वीतभर आलं होतं..."

"तेव्हाही मीच. मी काही मानत नाही हो आता. लई वर्षं झाली."

"मग उपास कायकू केलीस?"

"तुम्ही एकटे उपाशी बसला असता."

माणूस मातीत बोट फिरवू लागला. कान लाल झालेले. चतुराबाईला वाटलं, आता उठून जाईल, कधी बोलणार नाही. तो बोलला तेव्हा आवाज बारीक होता.

"मग आता कुणाला विचारू? तुलाच विचारतो. जाऊ सोमवारी?"

"जा. मी दाराशी बसते."

हिम्मतरावांनी मान हलवली. दाराआडून लेकीचा हुंदका ऐकू आला. मग त्यांनी घटाला हात जोडले आणि तोंड उजळून म्हणाले, "बघ, आईनंच तुझ्या तोंडून वदवून घेतलं!"

घ्या! अकरा वर्षांची चोरी कबूल केली, तीही देवीचीच लीला. बाईच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं. सोमवारी माणूस जातोय ना? झालं तर.

संध्याकाळी आरती लागली. चतुराबाई पाटावरून उठली नाही.

"उभी राहत नाहीस?"

"पाय दुखतात. तुम्ही म्हणा."

हिम्मतराव एकटेच उभं राहून म्हणाले. मधे दोनदा चुकले. इतकी वर्षं शब्द ती पुरवत होती.

तुमच्याही घरात अशी एखादी बाई टाळ्या वाजवत उभी असेल. यंदा आरती सुरू करायच्या आधी तिला एक खुर्ची द्या. आणि ती बसली, तर का बसली म्हणून विचारू नका.